घाईत भरलेली भिंत

दगड उलटला आणि कस्तुराच्या तोंडून "अगं बया!" एवढंच निघालं. उचललेला घण तिनं तसाच बाजूला टेकवला, उकिडवी बसली आणि दगडावर तळहात फिरवायला लागली. मी चार पावलांवर उभा. हातात तपासणीचा तक्ता, डोक्यात जेवणाची सुट्टी, आणि बाहेर चौकात कंटेनरवाल्यांनी हॉर्नचा उच्छाद मांडलेला. चाकणमध्ये हॉर्न ऐकू येत नाही अशी जागाच नाही. किल्ल्याच्या खंदकात उतरलं तरी तो मागे येतो. "काय झालं गं? फोड की," मी म्हणालो. "साहेब, ह्याला टाकी लावल्याली हाय." "कसली टाकी?" "जात्याची. ही जात्याची खालची तळी हाय. माझी माय गावोगाव जात्याला टाकी लावत हिंडायची, मला काय सांगता?" मी काहीच सांगत नव्हतो. वाकून पाहिलं. गोल दगड, मधोमध भोक, आणि तोंडावर बारीक बारीक टोचे, कुणीतरी पाय पसरून बसून एकेक मारलेले. दळून दळून मधले टोचे गुळगुळीत झाले होते, कडेचे अजून बोटाला लागत होते. पाठीवर मात्र कालच मी माझ्या हातानं मारलेली लाल फुली. कस्तुरा माझ्याकडे बघत होती, फोडू का न्हाई याचं उत्तर तिला हवं होतं, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला ते पटकन देता येईना.

ती फुली कशाची ते सांगून टाकतो, कारण त्यात माझी सगळी अक्कल आली. बत्तीस वर्षं मी कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होतो. गिअरबॉक्सचे शाफ्ट. शाफ्ट फिरवायचा, डायल लावायचा, काटा ठरलेल्या रेघेच्या पुढे गेला की माल बाजूला. बाजूला टाकलेल्या मालावर लाल रंग मारायचा आणि तो तिथल्या तिथे तोडायचा, हा आमचा नियम. नाहीतर कुणी दीडशहाणा टार्गेट भरायला तोच शाफ्ट उचलून परत लाइनवर घालतो. निवृत्त झालो आणि तीन वर्षं घरात बसून बायकोची डाळ तपासली. प्रभावतीनं शेवटी हात जोडले, म्हणाली, कुठंतरी जा, पण माझ्या डब्यांना रिजेक्ट करणं बंद करा. तेवढ्यात किल्ल्याच्या डागडुजीचं काम निघालं, ठेकेदाराला दर्जा बघणारा माणूस हवा होता. दगडाचं मला काय कळतं हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात तटाला ओळंबा लावत गेलो. सुरुंगानं उडालेल्या बुरुजाच्या अलीकडे चोवीस फुटांची एक भिंत लागली. काय ती भिंत! एक दगड वीतभर, शेजारचा हातभर, सांध्याला सांधा नाही, चुना कुठे आहे कुठे नाही. ओळंबा सोडला तर वरचा भाग नव्वद मिलिमीटर बाहेर. नव्वद! मी पाच शतांश मिलिमीटरसाठी माणसं रडवलेली आहेत. तक्त्यावर लिहिलं, भिंत नापास, उतरवून नव्यानं बांधावी. खाली इंजिनियर जयदीपची सही झाली. जुनं बांधकाम उतरवताना दगडांवर नंबर घालतात, म्हणजे ज्याचा तो परत आपल्या जागेवर जातो. कस्तुरानं खडूही आणला होता. मीच म्हणालो, नापास मालाला नंबर कसला? फुली मारा, फोडा, भरावात घाला. पाच दिवसांत बारा फूट भिंतीची खडी झाली. ती आता दरवाजाजवळच्या फरसबंदीच्या खाली आहे. उकरूनसुद्धा काढता यायची नाही.

तो दगड तेवढा बाजूला ठेवायला सांगितला आणि त्या दुपारी डबा उघडला नाही. अर्धी तोडलेली भिंत कापलेल्या कलिंगडासारखी आत उघडी पडली होती, आणि मी पाच दिवस तिच्यासमोर उभा राहून तिच्यात एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहायला गेलो तर एकेक ओळखू यायला लागलं. इथे एक उंबऱ्याचा दगड, मधे पाय पडून पडून खोलगट झालेला. त्याच्यावर आडवा पाटा. वर एक उखळ, पालथं. मधे नुसते नदीतले गोटे. कस्तुरा माझ्या मागे येऊन उभी राहिली. "हे काय गवंड्याचं काम न्हाई साहेब," ती म्हणाली. "गवंडी दगडाचं तोंड बघून दगड लावतो. हितं ज्याला जे गावलं ते त्यानं कोंबलंय. लई घाईत." घाईत, हा शब्द तिनं सहज टाकला आणि चहा प्यायला गेली. मी तिथंच. छप्पन्न दिवस हा भुईकोट लढला हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. खानाच्या तोफा, वेढा, मग सुरुंग, मग बुरूज आकाशात. मीही ते दर शिवजयंतीला लाउडस्पीकरवर ऐकत आलो होतो, आणि ऐकताना दर वेळी मनात तलवारीच आल्या. तटाला तोफेनं भोक पडलं तर आतल्या बायका काय करत असतील, हे कधी मनातच आलं नाही. त्या घरात पळाल्या असतील. जातं उपसलं असेल. जातं दिलं की उद्या दळायचं कशावर, हा विचार मनात आलाच असेल, बाईमाणूस आहे, येणारच. आणि तरी दिलं. दोघींनी मिळून उचललं असेल, ते एकटीला उचलत नाही. उंबरा उखडून दिला म्हणजे घराला घर राहिलं नाही, तरी दिला. आणि साडेतीनशे वर्षांनी मी आलो, ओळंबा घेऊन, आणि म्हणालो, काम निकृष्ट.

मला माझाच इतका राग आला की घरी जाताना बस सोडून दिली आणि चालत निघालो. तळेगाव चौकात नेहमीसारखं सगळं थांबलेलं. शिफ्ट सुटलेली पोरं कंपन्यांच्या बसमध्ये माना टाकून झोपलेली. मी त्यांच्यासारखाच भोसरीत एका खोलीत सहा जण राहून सुरुवात केली. औसा तालुक्यातून आलो तेव्हा एक ट्रंक आणि आयटीआयचा कागद, बस. वाकडी भिंत दिसली की माझं डोकं का फिरतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, प्रभावतीलाही अर्धंच माहीत आहे. त्र्याण्णव साली गौरी-गणपतीला चार दिवसांच्या रजेवर गावी गेलो होतो. मागच्या भिंतीला पोट आलं होतं. दगड-मातीची, दीड हात जाडीची भिंत, खाली सरकलेली, मधे फुगलेली. आईनं तिला बाभळीच्या खोडाचा टेकू दिला होता, स्वतः. मी भिंतीवर हात ठेवला, बघितलं, म्हणालो, माय, दिवाळीला येतो, ही पाडून टाकू, सिमेंटमधी नवी बांधू. माय म्हणाली, कामून पाडतो बाबा, उभी हाय की. मी हसलो आणि पुण्याची गाडी पकडली. गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला गेलो, तर गेटवर लातूरकडची सगळी पोरं रेडिओभोवती गोळा झालेली. गावात पोचलो तेव्हा गाव नव्हतंच, ढीग होते. माय त्या भिंतीखाली सापडली. तेव्हापासून मला उभं काही बघितलं की आधी ते किती कललंय हे दिसतं. माणसंसुद्धा. कंपनीत मला मागून ओळंबा म्हणायचे, मला ठाऊक होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्या हाताखालून वाकडं काही सुटणार नाही. एकदा सुटलं होतं, बास.

पण चालता चालता, एका टपरीसमोर, एक गोष्ट अशी समोर आली की मी उभाच राहिलो आणि मागचा दुचाकीवाला शिवी देऊन गेला. आमच्या सरपंचांचं घर. घडीव दगडाचं, लातूरच्या मिस्त्रीनं बांधलेलं. लहानपणी आम्ही पोरं त्याच्या कोपऱ्याला गोट्या टेकवून बघायचो, कोपरा इतका सरळ. तेही पडलं होतं. मी त्याच्या ढिगाऱ्यावरून चढून पलीकडे गेलो होतो, माझे पाय त्या घडीव दगडांवरून घसरले होते, तळव्याला लागलेलं आठवत होतं. सरळ भिंती पडल्या होत्या, वाकड्याही पडल्या होत्या. जमीनच हलली तिथे ओळंबा काय करणार? हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मी ते बघायचं नाकारलं, कारण मग आईचा दोष कुणाच्या पदरात घालणार? भिंत वाकडी होती, मी ती ठेवली, म्हणून आई गेली, हा हिशेब मला परवडत होता. निदान त्यात चूक कुणाची ते तरी कळत होतं. नोकरीची उरलेली सगळी वर्षं त्या एका भिंतीचा सूड मी शाफ्टांवर उगवला, आणि आता कुठल्या तरी अनोळखी बायांच्या जात्यावर. लाज वाटली राव. भर चौकात, उभ्या उभ्या, म्हाताऱ्या माणसाला वाटू नये इतकी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जयदीपला सांगितलं, उरलेली बारा फूट उतरवायची नाही. जयदीप तिशीच्या आतला, हुशार, मला काका म्हणतो आणि ऐकतो ठेकेदाराचं. तो म्हणाला, "काका, नापास तुम्हीच केली." "चुकलो." "म्हणजे?" "म्हणजे चुकलो. मराठीत सांगतोय." त्यानं डोकं खाजवलं. "नकाशात सरळ भिंत मंजूर झालीये. अर्धी सरळ, अर्धी वाकडी ठेवली तर वर काय सांगू? आणि पडली उद्या पब्लिकवर, लहान पोरगं आलं खाली, तर? तुम्ही घेणार जबाबदारी?" हे मात्र त्यानं नेमकं नको तिथे मारलं. तो चांगला पोरगा आहे, माझं तोंड पाहून नरमला. म्हणाला, "असं करू, आधी दरवाजाची बाजू संपवू. ही शेवटी घेऊ. तोवर तुमचं काय ते बघा." मी बघितलं. भिंत किती कललीय ते मी मोजलं होतं. ती अजून कलतेय का, हे मोजलंच नव्हतं. त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तो मला, बत्तीस वर्षांच्या इन्स्पेक्टरला, कळला नव्हता. फोटोफ्रेमवाल्याकडून काचेच्या बोटभर पट्ट्या कापून आणल्या. भिंतीत जिथे जिथे भेग होती तिथे भेगेवर आडवी पट्टी, दोन्ही टोकं प्लास्टरनं घट्ट. भिंत केसभर सरकली तर काच तडकते, तिला खोटं बोलता येत नाही. नऊ पट्ट्या लावल्या. रोज सकाळी आल्या आल्या आधी काचा, मग चहा. कस्तुरा चेष्टा करायची, "साहेब, भिंतीला चष्मा लावलाय व्हय?" एक्केचाळीस दिवस झाले. हायवेवरून दिवसरात्र ट्रेलर जातात, खिडक्या थरथरतात, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी बोअर मारली, सगळं झालं. काच एकही तडकली नाही.

या एक्केचाळीस दिवसांत माझ्या कल्पनेलाच एकदा सुरुंग लागला. गावातले रंगराव रोज संध्याकाळी किल्ल्यात फेरी मारायला येतात. ऐंशीच्या पुढचे, धोतर कडक इस्त्रीचं, नातवाच्या जमिनीवर तीन वेअरहाउस. मला म्हणाले, "काय हो, रोज त्या भिताडाची पूजा मांडताय म्हनं?" मी जातं दाखवलं, उंबरा दाखवला, वेढा सांगितला. त्यांचंच गाव त्यांनाच सांगत सुटलो. म्हातारा मनसोक्त हसला, खोकला येईपर्यंत. "अवो, खुळं का काय तुमी! ती भिंत आमच्या आज्यानं घातली. हितं म्हशी बांधायचा त्यो. म्हशी भगदाडातनं खंदकात पडायच्या म्हनून पडक्या घरांचं दगड आनून बुजीवलं भोक. कसला वेढा न् कसलं काय!" मी विचारलं, नक्की? "आमच्या बानं सांगितलंया. आता बा काय खोटं बोलंल?" म्हणजे ऐकीवच, पण माझ्याकडे तेवढंही नव्हतं. त्या संध्याकाळी मी भिंतीकडे पाठ करून निघून गेलो. म्हशी! मी इतिहासासाठी पेटलो होतो आणि निघाल्या म्हशी. घरी प्रभावतीला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं मग? म्हशी पडू नयेत म्हणून भरली तरी कुणीतरी भरलीच ना? पडू नये म्हणूनच ना?" आणि तवा माझ्याकडे सरकवला, बघा जळतीय का. मी भाकरी उलटली. मला पुरतं चिडायचं होतं, पण चिडता येईना. सोळाशे साठातली बाई असो नाहीतर रंगरावांचा आजा असो, समोर भगदाड होतं, हातात जे होतं ते त्यांनी लावलं. मायनं बाभळीचं खोड लावलं, तेच. त्या टेकूला मी हसलो होतो. भिंत खानाच्या वेढ्यातली असेल तरच तिला राहायचा हक्क, हे कुणी ठरवलं? मीच. पुन्हा मीच. एक नापास करायची सवय सुटली तर दुसरी लागली, ही पास कारण ऐतिहासिक, ती नापास कारण म्हशींची. जा, म्हणालो मनात, खड्ड्यात जा तू आणि तुझे शिक्के.

आज सकाळी जयदीप आला तो सहा माणसं आणि दोन पहारी घेऊन. दरवाजाची बाजू संपली होती, महिनाअखेरीला काम सोपवायचं होतं. मी त्याच्या हातात कागद दिला. रात्रीच लिहून ठेवला होता, तीन ओळींचा. 'ही भिंत मी चुकीनं नापास केली. बारा फूट माझ्या सांगण्यावरून फोडली गेली, ते नुकसान माझं आहे. उरलेली बारा फूट एक्केचाळीस दिवस तपासली, ती स्थिर आहे, ती आहे तशी राहावी.' खाली पूर्ण नाव, ज्योतीराम, बापाचं नाव, आडनाव, तारीख. बत्तीस वर्षांत मी चुकलो असं लिहून दिलेला हा पहिलाच कागद. जयदीपनं वाचला, घडी घातली. "काका, हा मी वर पाठवला तर तुम्हाला काढतील. आधी फोडायला लावली, आता ठेवायला लावतोय म्हणतील." "काढू दे." "आणि रंगरावअण्णा तर म्हणतात म्हशींची भिंत आहे. पुरावा काय आहे तुमच्याकडं, वेढ्यातली असल्याचा?" "काही नाही." "मग?" "म्हशींची समज. म्हशींचीच ठेव." तो हसला नाही. माणसांना म्हणाला, "चला, वरच्या थरापासून घ्या." कस्तुराच्या हातात पहार होती. ती जागची हलली नाही. "मी न्हाई लावायची," ती म्हणाली, "जात्याला पाय लागला तरी आमी नमस्कार करतो. बारा फूट फोडलं तवा ठावं न्हवतं. आता ठावं हाय." "कस्तुराबाई, हजेरी लागणार नाही आजची." "नगं लावू." आणि पहार तिनं जमिनीवर आडवी ठेवली, आवाज न करता, झोपलेल्या लेकराला ठेवावं तशी. बाकीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मी चालत गेलो आणि भिंतीच्या बाहेर कललेल्या बाजूला, बरोबर त्या नव्वद मिलिमीटरच्या खाली, मांडी घालून बसलो. खरं सांगतो, बसताना भीती वाटली. नुसती नाही, सगळं अंग मागे खेचत होतं. एकतीस वर्षांत मी कुठल्याही दगडी भिंतीला पाठ लावून बसलेलो नाही. लग्नात, मयतीला, देवळात, मी नेहमी मधे बसतो. पाठ हळूहळू मागे नेली. दगड गार होते. एक टोक मणक्याजवळ टोचलं, मी सरकून घेतलं, ते खांद्याच्या फऱ्याखाली बसलं आणि मग टोचेनासं झालं. वर पाहिलं तर वरचा थर माझ्या डोक्यावर झुकलेला, आणि त्याच्यामागे आभाळ. माय काय म्हणाली होती ते ऐकू आलं, उभी हाय की. हाय माय. उभी हाय. माझे डोळे भरून आले आणि सहा माणसांदेखत मी ते पुसले नाहीत.

"काका, उठा," जयदीप म्हणाला. आवाजात आता साहेबपणा नव्हता, काळजी होती. "असं करू नका. अहो, पडली म्हणजे?"

"तर मी खालीच आहे," मी म्हणालो. "तू विचारलं होतंस ना, जबाबदारी कोण घेणार? ही घेतली. अशीच घेतात."

त्यानं माणसांना हातानंच थांबायला सांगितलं. मग फोन काढून लांब गेला. मला अर्धंच ऐकू येत होतं, बाहेर हॉर्न चालूच होते. नाही सर, उठत नाहीत. नाही, पोलीस कशाला सर, म्हातारे आहेत. हो, बाईपण. मधेच कस्तुरा येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती, पदरातली तंबाखू चोळत, आणि तिच्या पलीकडे आणखी एक जण, ज्याचं नावही मला ठाऊक नाही. जयदीप परत आला. म्हणाला, "आज राहू दे म्हणतात. उद्या मोठे साहेब स्वतः येतायत, पोकलेन घेऊन." मी म्हणालो, "येऊ देत. किती वाजता?" "साडेआठ." "साडेसातला या म्हणावं. माझी पहिली पाळी आहे आणि मला बत्तीस वर्षांत एकही लेट मार्क नाही."